आधी पत्रा, मग रंग

जुन्या फियाटच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक करत खाली उतरावं. काचेखाली पत्रा टणटणीत वाजतो. हँडलपाशीही ठीक. तळाच्या चार बोटांत मात्र आवाज एकदम बद्द होतो. कुंभाराकडे माठ घेताना करतात तीच ही परीक्षा. फक्त माठ बद्द वाजला तर बाजूला ठेवून दुसरा उचलता येतो, आणि इथं गाडी आजोबांनी घेतलेली असते. बद्द आवाजाचा अर्थ एवढाच की तिथं आता पत्रा उरलेला नाही, पुट्टी आहे. वर चकचकीत रंग आणि आत वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी थापून ठेवलेला लगदा.

क्लासिक गाडी रंगायला टाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेवटचं दृश्य असतं: रविवारची सकाळ, मरीन ड्राइव्ह नाहीतर जंगली महाराज रस्ता, आणि वळून बघणारी माणसं. पेंटरच्या डोक्यात मात्र तो बद्द आवाज घुमत असतो. स्प्रे गन चालते काही तास. त्याआधीची तयारी काही आठवडे चालते, पत्रा वाईट निघाला तर महिने. दोनतीन वर्षांनी रंगाला फोड आले, दाराच्या कडेनं तो सुटायला लागला, की मालक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो. चूक बहुतेक वेळा डबा उघडण्याआधीच होऊन गेलेली असते.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की उदाहरण फियाटचंच घ्यावं लागतं, कारण ही गाडी घरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. त्या पहिल्या गोलमटोल मॉडेलला मुंबईनं ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं, तेही प्रेमानं. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची तारीख होती २९ ऑक्टोबर २००३. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. उरल्या त्या खासगी, आणि त्यातल्या बऱ्याच आता रंगायला रांगेत उभ्या आहेत.

या गाडीची एक गोष्ट पेंटरला आधीपासून ठाऊक असावी लागते. तिला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. फरशी, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब, टप हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. दाराखालच्या पेटीला गॅरेजात सिल म्हणतात, आणि गाडीचा पाठकणा म्हणावा तर तोच. तो सडलेला असताना वरून रंग मारणं म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला वॉर्निश लावणं.

पण सगळा जुना रंग काढायचाच का? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा, आणि बहुतेक मालक तो विचारतच नाहीत. जुना रंग धड असेल, पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल, तर तो नीट घासून त्यावरच नवा चढवणं स्वस्त पडतं आणि शहाणपणाचंही. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे दोनेक केसांची जाडी. मायक्रॉन मोजणारं छोटं यंत्र टपावर टेकवलं आणि आकडा त्याच्या आसपास आला तर समजावं, इथं कुणी हात लावलेला नाही. दारावर तोच आकडा चारशे-पाचशे दाखवत असेल तर गाडी दोनतीनदा रंगून झाली आहे, आणि इतक्या जाड थरावर आणखी थर दिला तर तो भेगाळणार. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवावं. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर घसरून पडतं.

दुसरी परीक्षा थिनरच्या चिंधीची. ती एखाद्या लपलेल्या जागी, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, अर्धा मिनिट दाबून धरायची. चिंधीला रंग लागला तर वरचा थर जुन्या लॅकरचा. रंगाला सुरकुत्या पडल्या तर तो एनॅमल, आणि त्यावर थेट जहाल थिनरचा रंग मारला तर तोही असाच उचलला जाणार. काहीच झालं नाही तर अलीकडचा, हार्डनर घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) असण्याची शक्यता जास्त. या अर्ध्या मिनिटाचा आळस करून अख्खी गाडी पुन्हा घासायला लागलेले पेंटर गॅरेजागणिक भेटतील.

तिसरी परीक्षा बघायला सगळ्यात सुंदर. मडगार्डवर रुपयाएवढी जागा घेऊन पॉलिश पेपरनं हळूहळू गोल घासत खोल जायचं. नाण्याभोवती एकेका रंगाचं कडं उमटत जातं: वर हौसेनं मारलेला लालभडक, खाली फिकट निळा, मग राखाडी प्रायमर, मग दुधाळ पांढरा, पुन्हा प्रायमर, आणि मधोमध पत्र्याचा ठिपका. झाडाच्या बुंध्याची वलयं मोजावीत तसा गाडीचा इतिहास इथं वाचता येतो. सगळ्यात आतला रंग कुर्ल्याचा. तो पक्का करायचा तर डॅशबोर्डच्या पाठीमागे किंवा दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली बघावं, कारण ऊन तिथवर कधी पोचलेलंच नसतं. वरचा रंग चाळीस उन्हाळ्यांत उतरलेला असतो. त्याच्याशी जुळवून नवा डबा बनवून आणला तर गाडी नवी होऊनही फिकट दिसते.

मग येतो पाना. बंपर, दिवे, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, हँडलं, काचा, रबरं, सगळं उतरवायचं. ‘टेप मारून काम होईल की’ असं सांगणाऱ्या पेंटरकडून गाडी परत आणलेली बरी. टेपच्या कडेपाशी रंगाची बारीक पायरी तयार होते, पाणी तिथून आत शिरतं आणि वर्षाच्या आत सोलपटं निघू लागतात. उतरवण्याचं काम मालकानं स्वतः केलं तर पैसे वाचतात आणि गाडी कळतेही. फक्त सुटा केलेला प्रत्येक स्क्रू चिठ्ठी घालून पिशवीत गेला पाहिजे. मोबाइलवर फोटो काढायला पैसे लागत नाहीत, तेव्हा ते शेकड्यानं काढावेत. सहा महिन्यांनी ‘ही क्लिप कुठली’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. पुढच्या काचेचं रबर वाचवण्याचा मोह टाळावा. ते ब्लेडनं कापावं, कारण रबर नवं मिळतं, जुनी काच तडकली तर मात्र दुसरी शोधत हिंडावं लागतं. क्रोमचं सामान त्याच दिवशी मुलामा द्यायला रवाना करावं. रंगून तयार गाडी बंपरची वाट बघत उभी आहे, हे दृश्य फार सामान्य आहे.

घासायच्या आधी धुणं, हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. शेवटी धूळच उडणार आहे तर आधी कशाला धुवायची? कारण गाडीवर वर्षानुवर्षं मेण, पॉलिश, ग्रीस बसलेलं असतं. तसंच घासलं तर पेपर ते सगळं ओरखड्यांतून पत्र्याच्या अंगात मुरवतो. त्यातलं सिलिकॉन सगळ्यात वाईट. डॅशबोर्ड आणि टायर चमकवणाऱ्या बाटल्यांत ते असतं, आणि त्याचा कण जिथं राहिला तिथून ओला रंग चौफेर पळ काढतो. मागे उरतो बारीक गोल खड्डा, माशाच्या डोळ्यासारखा. म्हणून आधी साबणपाणी, मग मेण-ग्रीस काढणारं द्रावण: एका कापडानं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. एकच कापड वापरलं तर घाण फक्त इकडची तिकडे होते.

पत्र्यापर्यंत जायचं ठरलं की वाटा तीन. घासणं वेळखाऊ, पण सगळ्यात जास्त ताब्यात राहणारं: आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग १८०. रिमूव्हर लावला की रंग फुगून सालासारखा निघतो, बघायला मजा येते. पण तो सांध्यात, पत्र्याच्या घडीत लपून बसतो आणि नव्या रंगाला आतून पोखरतो. तो वापरलाच तर शेवटचा थेंब धुऊन जाईपर्यंत थांबू नये. तिसरी वाट सँडब्लास्टिंगची. चाकांना, जाड ब्रॅकेटला ती उत्तम. बॉनेट किंवा टपासारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर मात्र भरड वाळूचा दाबानं मारा झाला की पत्रा ताणला जातो, लाटा धरतो, आणि त्या लाटा मग कितीही ठोकल्या तरी जात नाहीत. एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा किती सोसणार?

रंग निघाला की गाडी खरं बोलते. बॅटरीखालचा ट्रे आम्लानं खाल्लेला. पायपुशीखालची फरशी चाळणी. काचेच्या रबराखालची कड तांबूस. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं आधीच्या कुणीतरी पुट्टीनं बुजवलेली, म्हणून दार आतून सडलेलं. मुंबई-कोकणची गाडी असेल तर खाऱ्या हवेनं हे सगळं दुप्पट. इथं ‘वरून पत्रा मारून देऊ’ म्हणणारा मिस्त्री भेटतो आणि त्याला नाही म्हणायला धीर लागतो, कारण सडका भाग कापून नवा वेल्ड करण्याचा खर्च रंगाच्या खर्चापुढे जाऊ शकतो. सिल कापताना तर घाईला जागाच नाही. आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप तात्पुरता वेल्ड करून गाडी जखडायची, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि मध्येमध्ये दार लावून फट तपासत राहायची. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मधोमध बसते. मग दारं लागत नाहीत, आणि तो दोष जगातला कुठलाच रंग झाकत नाही.

फटींचा हिशेब रंगाच्या आधी मिटला पाहिजे. दार, बॉनेट, डिकी नव्या रबरांसकट एकदा बसवून बघायची. नवं रबर जुन्यापेक्षा फुगीर असतं, दार बाहेर ढकलतं. हे रंगानंतर कळलं तर ठोकपीट ताज्या रंगावरच होते.

उघड्या पत्र्याला हात लावायचा नाही हा आणखी एक नियम. घामाच्या तळव्याचा ठसा दमट हवेत दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतो, पाचही बोटं मोजता येतील इतका स्पष्ट. म्हणून पत्रा स्वच्छ झाला की लगोलग इपॉक्सी प्रायमर. नेहमीचा राखाडी प्रायमर पाणी शोषतो. पैसे संपले म्हणून त्या राखाडी अवस्थेत अख्खा पावसाळा काढलेल्या गाड्या गल्लीबोळांत दिसतात. त्यांच्या अंगावर आतून गंज चढत असतो आणि मालकाला वाटत असतं की निम्मं काम झालं.

आता पुट्टी. तिला उगाच बदनाम केलं जातं. ठोकून पत्रा शक्य तितका सरळ केल्यावर उरलेली उणीव भरायला ती हवीच. फक्त दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. पत्र्याच्या तुकड्यावर लिंबाएवढा पांढुरका गोळा, त्यात वाटाण्याएवढं लाल हार्डनर, आणि रंग एकसारखा गुलाबी होईपर्यंत पात्यानं घोटायचं. हात झटपट चालला पाहिजे, कारण उन्हाळ्यात चारपाच मिनिटांत ते दगड होतं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. वाळलेली पुट्टी पाणी लावून घासण्याची सवय अजून गेलेली नाही. धूळ उडत नाही हे खरं, पण पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते, ते पाणी रंगाखाली कोंडलं जातं आणि पहिल्या कडक उन्हात फोड म्हणून बाहेर येतं. पुट्टी कोरडीच घासायची. पाण्याचा पेपर पुढच्या थरांसाठी.

आणि बोटांनी घासायचं नाही. पेपराच्या मागे चार बोटं दाबली की चार बारीक चर पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण चकाकी चढली की उन्हात बरोबर उमटतात. पेपर लाकडी गुटक्यावर गुंडाळून, तिरपा, एकदा या दिशेनं आणि एकदा त्या, असा चालवावा लागतो.

सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा राखाडी थर, मारून झाला की कसबी पेंटर एक गंमत करतो. सगळ्या राखाडी अंगावर लांबून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवतो, पिठीसाखर भुरभुरावी तसा. मग गुटका चालवतो. उंचवट्यावरचा काळा रंग लगेच जातो आणि खोलगट जागी तो तसाच राहतो. आतापर्यंत गुळगुळीत वाटणाऱ्या दारावर एकाएकी काळी बेटं उभी राहतात: इथं जुना ठोका, इथं वेल्डिंगचा टाका, इथं पुट्टीची कड. बेटं नाहीशी होईपर्यंत घासायचं. मध्येच राखाडीतून पत्रा डोकावला तर थांबायचं, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळा फवारा. शेवटी तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ सुती कापड धरून, डोळे मिटून, लांबच्या लांब हात फिरवायचा. कापडामुळे कातडीचा अटकाव जातो आणि तळव्याला केसाएवढी लाटही लागते. यंत्रं आली तरी ही परीक्षा अजून कुणी सोडलेली नाही. त्यानंतर पत्रा ओला करून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. नळी सरळ दिसली तर दार पास, वाकडी दिसली तर पुन्हा गुटका.

या सगळ्यात माणसाच्या फुप्फुसाचा विचार शेवटी येतो, तो पहिला यायला हवा. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाची संयुगं असत, त्यांची कोरडी धूळ विषारी. पीयू रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याच्या किंचित संपर्कानंही उसळतो. नाकाला रुमाल बांधून फवारणारे पेंटर आजही दिसतात; त्या रुमालानं फार तर रंगाचे मोठे थेंब अडतात, वाफ नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा महाग आहे खरा. पण लाखो रुपयांच्या गाडीचं काम देणाऱ्यानं तो आहे का हे विचारायला हरकत नसावी.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणती मंडळी उघड्या जागेत रंग मारत नाहीत. थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि लॅकरवर दुधी झाक येते. रंगाचा बंद बूथ असेल तर गोष्ट वेगळी. तिथं हवा गाळून येते आणि नंतर साधारण ६० अंशांवर अर्धा तास गाडी भाजून काढता येते.

रंग कुठला, हा शेवटचा वाद. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘ड्यूको’ आहे, आणि मुंबई-पुण्यात तर लाकडी कपाटालाही ‘ड्यूको फिनिश’ देतात. मुळात हे ड्यूपाँट कंपनीनं १९२३ साली आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. रसायन बंदुकीच्या दारूच्या घराण्यातलं. त्याआधी गाडीवर ब्रशनं वॉर्निशचे हात मारून ती वाळायची वाट बघत आठवडे जात. ओकलँड गाड्यांच्या १९२४ च्या मॉडेलवर जनरल मोटर्सनं निळा ड्यूको फवारला आणि तो वेळ तासांवर आला. त्या जातीच्या रंगाची चमक खोल पण मऊ असते. आज डिलाइटवर मेटॅलिक रंग आणि वर क्लिअर कोटची जाड काच चढवली की गाडी नवी दिसते, पण प्लास्टिकची. थर एकाच साध्या रंगाचे, नंतर हलक्या हातानं पॉलिश, हा तिचा पोशाख.

रंग पूर्ण बदलायचाच असेल तर आरसीवरची नोंदही आरटीओकडून बदलून घ्यावी लागते. आणि गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची असेल तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार तिला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. सिल बदलताना आधी आणि नंतर काढलेले फोटो अशा वेळी हाताशी असलेले बरे.

रंग मारायच्या आदल्या संध्याकाळी गाडी रंगाच्या जागी लोटली जाते. काचेच्या चौकटी, इंजिनाची खोली, चाकं कागदानं बंद होतात. वर्तमानपत्राची शाई ओल्या थिनरनं खाली उतरते, म्हणून कोरा कागद. फटींमध्ये अडकलेली धूळ कॉम्प्रेसरनं फुंकली जाते, जमिनीवर पाणी मारलं जातं, चिकट कापड एकदाच, हलकं, सगळ्या अंगावरून फिरतं. दाराखालच्या पेट्यांत मेण सोडायचं काम मात्र रंगानंतरचं. ते आधी केलं तर तेच मेण सांध्यातून ओघळून रंगाला नडतं. डिकीच्या झाकणाच्या आत, बिजागरीपाशी, चार बोटांचा एक चौकोन कुणी घासू नये. तिथला जुना दुधाळ रंग टेपखाली झाकून ठेवावा, म्हणजे पन्नास वर्षांनी पुढचा पेंटर चिंधी आणि थिनर घेऊन येईल तेव्हा त्याला कुर्ल्याचा मूळ रंग शोधत बसावं लागणार नाही.